क्रिप्टोपासून चार हात लांब का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीची माणसं मला क्रिप्टोबद्दल विचारतात तेव्हा बहुतेकांचा आवाज जरा दबलेला असतो. आपल्याला हे कळत नाही म्हणजे आपण मागे पडलो, असं त्यांना वाटत असतं. त्यांच्याशी बोलताना पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

मला ते नीट समजत नाही म्हणून भीती वाटते. हा अडाणीपणा आहे का?

नाही. कार्ड घासल्यावर पैसे कोणकोणत्या वाटांनी दुकानदारापर्यंत पोहोचतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. तरी आपण कार्ड रोज वापरतो. पैशाच्या बाबतीत सामान्य माणूस यंत्राच्या आत डोकावत बसत नाही. गडबड झाली तर कुणाच्या दारात जायचं, एवढं तो पाहून ठेवतो. कार्ड हरवलं तर फोन कुठे करायचा, खात्यातून दोनदा रक्कम कापली गेली तर अर्ज कुठे द्यायचा, बँकेने दाद दिली नाही तर तिच्या वर कोण बसलं आहे, हे त्याला साधारण ठाऊक असतं.

क्रिप्टोबद्दल हाच प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘जबाबदारी तुमची.’ हे उत्तर ऐकून जो माणूस पाऊल मागे घेतो, त्याला मुद्दा अगदी बरोबर समजलेला असतो. संगणकक्षेत्रात हयात घालवलेली, ब्लॉकचेन हे क्रिप्टोमागचं तंत्र आतून ओळखणारी माणसं मला माहीत आहेत, जी स्वतःची बचत यात ठेवत नाहीत. त्यांचं कारणही हेच आहे.

क्रिप्टो म्हणजे नेमकं काय, थोडक्यात सांगाल?

एक खातेवही आहे, जिची प्रत जगभरातल्या हजारो संगणकांवर आहे. हिलाच ब्लॉकचेन म्हणतात. कुणी कुणाला किती दिले याची नोंद सगळ्या प्रतींमध्ये एकाच वेळी चढते आणि चढलेली नोंद खोडता येत नाही. या वहीतल्या शिलकीला नाणं म्हणायचं. बिटकॉइन हे त्यातलं पहिलं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी नऊ पानांचा आराखडा मांडला आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचं पहिलं पान तयार झालं. त्या पानात लंडनच्या एका वृत्तपत्राचा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे. बँकांना सरकार दुसऱ्यांदा मदत देण्याच्या बेतात असल्याची ती बातमी होती. जगभर बँका कोसळत होत्या, लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता, आणि मधल्या माणसाशिवाय पैसे पाठवता यावेत ही त्यामागची इच्छा प्रामाणिक होती, असं मला आजही वाटतं.

पण मधला माणूस काढून टाकताना त्याचं दुसरं कामही गेलं. तो नुसते पैसे पोहोचवत नव्हता, चुका निस्तरत होता. पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले तर परत मिळतात का?

समोरच्याने स्वतःहून दिले तर मिळतात. एरवी नाही.

हा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ असते. एखादं अक्षर चुकलं तर बऱ्याचदा वॉलेट, म्हणजे नाणी सांभाळायचं आणि पाठवायचं ॲप, तो पत्ता नाकारतं, त्यामुळे टंकनाची चूक हा सगळ्यात मोठा धोका नाही. धोका असतो पत्ता बरोबर पण भलत्याचाच असण्यात. एवढी मोठी माळ कुणी पूर्ण वाचत नाही, सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून आपण पुढे जातो. चोरांना हे माहीत आहे. ते अगदी तशीच सुरुवात आणि तसाच शेवट असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुमच्या वॉलेटमध्ये नगण्य रक्कम पाठवतात. मग तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत दिसू लागतो. पुढच्या वेळी यादीतून पत्ता कॉपी करताना हात त्याच्यावर पडला की संपलं. काही व्हायरस याहून सोपी युक्ती करतात. तुम्ही बरोबर पत्ता कॉपी करता आणि पेस्ट होताना तो गुपचूप बदललेला असतो.

आणखी एक गफलत म्हणजे नाणं बरोबर, पत्ता बरोबर, पण पाठवताना नेटवर्क, म्हणजे कुठल्या खातेवहीवरून पाठवायचं ते, भलतंच निवडलेलं. एकच नाणं अनेक नेटवर्कवर फिरतं, हे नवख्या माणसाने ओळखायचं तरी कसं?

यात एक अपवाद सांगायला हवा. २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या सामाईक निधीच्या प्रोग्राममधल्या चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर (इथेरियम या दुसऱ्या खातेवहीतलं नाणं) काढून घेतले. तेव्हा इथेरियमच्या लोकांनी मतं अजमावली, वादविवाद केले आणि २० जुलै २०१६ रोजी खातेवहीच बदलून ते पैसे परत फिरवले. ज्यांना हे तत्त्वाला सोडून वाटलं ते जुनीच वही पुढे चालवत राहिले आणि तिला इथेरियम क्लासिक म्हणतात. म्हणजे नोंद फिरवणं अगदीच अशक्य नसतं. मात्र त्यासाठी अख्खी व्यवस्था हादरावी एवढी मोठी रक्कम जावी लागते. एखाद्या शिक्षिकेची दोन वर्षांची बचत चुकीच्या पत्त्यावर गेली तर वही कुणी फिरवत नाही.

सीड फ्रेज हरवली तर?

सीड फ्रेज म्हणजे बारा किंवा चोवीस साधे शब्द. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडले जातात आणि त्यांच्यापासून तुमच्या वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे नाणी हलवायला लागणारे गुप्त आकडे, तयार होतात. फोन हरवला तरी शब्द असतील तर सगळं परत मिळतं. फोनही गेला आणि शब्दही गेले तर नाणी वहीत दिसत राहतात, पण त्यांना जन्मात कुणी हात लावू शकत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण इथे नसतं.

उलट बाजूही तितकीच वाईट. ते शब्द ज्याच्या नजरेला पडले तो मालक. म्हणून ते कागदावर लिहावेत, फोटो काढू नये, ईमेलमध्ये ठेवू नयेत, असं सांगतात. मग तो कागद भिजायला नको, जळायला नको, रद्दीत जायला नको, आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायलाही नको. चाळीस वर्षांच्या आयुष्यात आपण किती घरं, किती कपाटं बदलतो, याचा विचार करा.

आणि माझ्यामागे वारसांना?

बँकेत तुमचं नाव आणि मृत्यूचा दाखला यांच्या जोरावर वारस हक्क सांगू शकतात. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, पण वाट असते. स्वतःच्या वॉलेटमधली नाणी वारसांना हवी असतील तर शब्द कुठे आहेत हे त्यांना कळलं पाहिजे, आणि ते फार आधी कळलं तर त्या शब्दांची गुप्तता संपली. नवरा-बायकोच्या, भावंडांच्या नात्यांत यातून किती ताण येऊ शकतो, ते मी पाहिलं आहे. मृत्युपत्रात शब्द लिहू नका, कारण ते पुढे अनेकांच्या हातात जातं. ‘अमुक ठिकाणी बंद पाकीट आहे’ एवढंच लिहा.

मग एखाद्या एक्स्चेंजवर ठेवून द्यावं, म्हणजे किल्लीची कटकटच नको?

बहुतेक लोक हेच करतात. एक्स्चेंज म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. तिचं ॲप, त्यात आपलं खातं, पासवर्ड विसरला तरी परत मिळण्याची सोय. सगळं बँकेसारखं दिसतं. दिसतं, पण नसतं. तिथे नाणी कंपनीच्या किल्ल्यांखाली असतात आणि तुमच्याकडे असतो पडद्यावरचा एक आकडा. मधला माणूस नको म्हणून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत मधला माणूस परत आला, पण त्याच्यावरची जुनी देखरेख मात्र आली नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

टोकियोतलं माउंट गॉक्स हे एकेकाळी बिटकॉइनचं जगातलं सर्वांत मोठं एक्स्चेंज. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडलं आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं समोर आलं. पुढे त्यातले सुमारे दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. ग्राहकांना त्यांचा वाटा मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांत मुलं शाळेतून कॉलेजात जातात, आईवडील थकतात. त्या पैशांवर ज्यांनी काही बेत आखले असतील त्यांचं काय झालं असेल?

कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्सचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये वारला. किल्ल्या एकट्या त्याच्याकडेच होत्या असं आधी सांगण्यात आलं. चौकशीत निघालं ते याहून वाईट होतं. ग्राहकांचे पैसे त्याने आधीच उधळलेले होते.

मग एफटीएक्स. मोठमोठ्या खेळाडूंच्या जाहिराती, क्रीडागाराला कंपनीचं नाव, संस्थापकाची राजकारण्यांत ऊठबस. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ग्राहकांचे अब्जावधी डॉलर संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवले गेले होते. सॅम बँकमन-फ्रीड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. इथे ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण हिशेब नोव्हेंबर २०२२ च्या भावाने झाला. तेव्हा बिटकॉइन १७,००० डॉलरच्या खाली होतं, आणि पैसे हातात पडेपर्यंत भाव कित्येक पटींनी चढला होता. आपलं नाणं परत द्या, असं म्हणणाऱ्यांना त्याची जुनी किंमत मिळाली.

सेल्सियस या कंपनीचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगते, कारण त्यात लबाडीइतकाच बारीक अक्षरांचाही हात होता. नाणी ठेवा, व्याज घ्या, अशी ती योजना होती. जून २०२२ मध्ये पैसे काढणं बंद झालं आणि जुलैत दिवाळखोरीचा अर्ज गेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की व्याजाच्या खात्यांत ठेवलेली नाणी ग्राहकांची नाहीत, कंपनीची आहेत, कारण सगळ्यांनी ‘मान्य आहे’ म्हणून दाबलेल्या अटींमध्ये तसंच लिहिलेलं होतं. त्या अटी किती जणांनी वाचल्या असतील? संस्थापकाला २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, पण लोक रांगेत उभे राहिले ते नाण्यांचे मालक म्हणून नाही, साधे धनको म्हणून, इतर सगळ्या धनकोंबरोबर.

बँकेतल्या ठेवीसारखं विमा संरक्षण असतं का?

साधारणपणे नाही. ‘आमचा विमा आहे’ असं एक्स्चेंज म्हणत असेल तर कशाचा, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या प्रसंगी, ते लेखी मागा. कंपनीवर दरोडा पडला तर कंपनीला भरपाई मिळणं आणि कंपनी बुडाली तर तुम्हाला भरपाई मिळणं, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

भाव इतका खालीवर का होतो?

बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही हे ठरलेलं आहे, आणि नवी नाणी येण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. पुरवठा असा बांधलेला असल्यामुळे मागणी जराशी वाढली किंवा घटली तरी सगळा धक्का भावावर येतो. चलन स्थिर राहावं म्हणून झटणारी मध्यवर्ती बँक इथे नाही. शिवाय घेणाऱ्यांपैकी अनेक जण भाव वाढेल म्हणूनच घेतात, मग पडू लागला की सगळेच दाराकडे धावतात. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २०,००० डॉलरच्या जवळ गेलं आणि वर्षभरात ३,२०० च्या आसपास आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९,००० पर्यंत चढलं, वर्षभराने १६,००० च्याही खाली होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने लाखाचा टप्पा ओलांडला.

‘म्हणजे शेवटी वाढलंच ना?’ असं कुणी म्हणेल. हो. पण ज्याला मधल्याच वर्षी दवाखान्याचं बिल भरायचं होतं, त्याच्यासाठी ‘शेवटी’ आलंच नाही. पडत्या काळात थांबून राहणं ही ज्याच्याकडे दुसरा पैसा आहे त्याची चैन आहे.

मग ते खर्चायला का वापरत नाहीत?

२२ मे २०१० रोजी एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. ही बिटकॉइनने झालेली पहिली नावाजलेली खरेदी. ही गोष्ट ज्याने ऐकली आहे, तो आपलं नाणं किरकोळ खरेदीत मोडेल का? उद्या वाढेल म्हणून देणारा देत नाही आणि उद्या पडेल म्हणून घेणारा घेत नाही.

शिवाय बिटकॉइनच्या मूळ जाळ्यावर सेकंदाला साधारण सातच व्यवहार मावतात, कार्डाच्या जाळ्यांवर हजारो. गर्दी झाली की शुल्क चढतं. एप्रिल २०२४ मध्ये नव्या नाण्यांचा वेग निम्मा झाला त्या दिवशी एका व्यवहाराचं सरासरी शुल्क १०० डॉलरच्या वर गेलं होतं. वेग वाढवण्यासाठी मूळ जाळ्यावर दुसरे थर उभारले गेले आहेत. ते चालतात, मात्र प्रत्येक थराबरोबर शिकायचं आणि चुकायचं आणखी काहीतरी वाढतं.

एका देशाने बिटकॉइनला अधिकृत चलन केलं होतं ना?

हो, एल साल्वाडोरने. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे डॉलरच्या जोडीला बिटकॉइन अधिकृत झालं. सरकारने चिवो नावाचं वॉलेट काढलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलर किमतीचं बिटकॉइन दिलं. याहून मोठा सरकारी पाठिंबा दुसऱ्या कुठल्या नाण्याला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

लोकांनी ३० डॉलर घेतले, खर्च केले, आणि पुष्कळांनी ते ॲप पुन्हा उघडलं नाही. अडचणी साध्याच होत्या. ॲप अडकायचं, काहींच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच कुणीतरी खातं उघडून पैसे उचललेले असायचे, आणि रोख डॉलर खिशात असताना लोकांना दुसऱ्या कशाची गरज भासत नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेताना सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला आणि बिटकॉइन स्वीकारणं दुकानदारांना ऐच्छिक केलं. त्या लोकांना कुणी आडमुठे म्हणू नये. त्यांनी नवी वस्तू हातात घेऊन पाहिली आणि खाली ठेवली.

स्टेबलकॉइन तरी स्थिर असतात ना?

स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेलं नाणं. ते कशावर स्थिर आहे, ते पाहावं लागतं. काहींच्या मागे बँकेतले डॉलर आणि सरकारी रोखे असतात. काहींच्या मागे नुसतं गणित होतं. टेरायूएसडी हे असं गणितावर उभं राहिलेलं नाणं, आणि ते ठेवणाऱ्याला वर्षाला जवळपास २० टक्के व्याजाचं आमिष होतं. मे २०२२ मध्ये एका डॉलरची गाठ सुटली. ती सावरण्यासाठी लुना हे जोडीचं नाणं अमाप छापलं गेलं आणि काही दिवसांत दोन्ही मातीमोल झाली. मिळून सुमारे ४० अब्ज डॉलर पाण्यात गेले.

खऱ्या डॉलरचा आधार असलेल्या यूएसडीसीनेही मार्च २०२३ मध्ये एक झटका खाल्ला. त्याच्या राखीव रकमेपैकी ३.३ अब्ज डॉलर ज्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते, ती बँकच बुडाली, आणि एका डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या खाली उतरलं. काही दिवसांत ते सावरलं. या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण नावात दोन्हीकडे ‘स्थिर’च असतं. सामान्य माणसाने नावावर भरवसा ठेवला तर चूक त्याची म्हणायची का?

ब्लॉकचेन कुणी फोडू शकत नाही म्हणतात. मग एवढ्या चोऱ्या कशा होतात?

बिटकॉइनची वही आजवर कुणी फोडलेली नाही, हे खरं आहे. चोर वहीकडे जातच नाही, किल्लीकडे जातो. मार्च २०२२ मध्ये रोनिन या जाळ्यातून ६० कोटी डॉलरहून अधिक चोरीला गेले. व्यवहाराला नऊपैकी पाच सह्या पुरेशा होत्या आणि चोरांनी पाच किल्ल्या मिळवल्या. चोरी झाल्याचं कळायला सहा दिवस लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, सही मात्र भलत्याच व्यवहारावर होत होती. अमेरिकेच्या एफबीआयने यामागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं.

ज्यांच्या हाताशी तज्ज्ञ आहेत त्यांची ही गत. मग सामान्य माणसाने ‘मला हे सांभाळणं जमणार नाही’ म्हटलं तर त्यात काय चुकलं?

फसवणूक कशी ओळखायची?

सगळ्यात जुनी फसवणूक नव्या कपड्यांत येते. पुढच्याचे पैसे घेऊन मागच्याला द्यायचे, ही साखळी क्रिप्टोच्या आधीपासून चालत आली आहे. वनकॉइन २०१४ मध्ये सुरू झालं, भव्य सभा झाल्या, चार अब्ज डॉलरच्या वर पैसा गोळा झाला. त्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. त्याची प्रमुख रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ मध्ये विमानात बसली आणि त्यानंतर कुणाला सापडलेली नाही. २०२२ मध्ये एफबीआयने तिला आपल्या दहा सर्वाधिक हव्या असलेल्या फरारींच्या यादीत घातलं.

आजची जास्त घातक फसवणूक हळू चालते. चुकून आल्यासारखा एक मेसेज येतो. ‘सॉरी, चुकीचा नंबर.’ मग गप्पा, विचारपूस, आठवडेच्या आठवडे चालणारी मैत्री, कधी प्रेम. पैशाचा विषय समोरचा लगेच काढत नाही. मग सहज बोलल्यासारखं एका ॲपचं नाव येतं. तुम्ही थोडे पैसे घालता, नफा दिसतो, थोडे काढताही येतात. हे काढता येणं हेच गळाला लावलेलं आमिष. मोठी रक्कम घातली की काढताना आधी ‘कर’ भरा, मग ‘शुल्क’ भरा. पडद्यावरचा नफा पहिल्या दिवसापासून खोटा असतो.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं असंच झालं. पैसे गेल्याचं त्यांनी कसंबसं सहन केलं. रोज सकाळी ‘जेवलात का, औषध घेतलंत का’ विचारणारं माणूस मुळात नव्हतंच, हे त्यांना सहन होईना. आपण त्यांना मूर्ख म्हणून मोकळे होतो, म्हणून ते कुणाला सांगत नाहीत, आणि म्हणूनच पुढचा माणूस सावध होत नाही.

खुणा सांगायच्या तर: ठरावीक परताव्याची हमी, आजच्या आज निर्णय घ्या म्हणून घाई, घरच्यांना सांगू नका असा सल्ला, आणि पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरण्याची अट. यातली शेवटची दिसली की तिथेच थांबायचं, कितीही अडकलेले असोत.

अडकलेले पैसे सोडवून देतो असं कुणी म्हणत असेल तर?

बुडत्याचा पाय खोलात नेणारी ही दुसरी टोळी असते, कधी तर पहिलीच. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. ‘आम्ही हॅकर आहोत’, ‘आम्ही वकील आहोत’, ‘शासनाकडून बोलतोय’ म्हणून ते फोन करतात आणि आगाऊ शुल्क मागतात. पोलिसांकडे तक्रार करा, आणि लवकर करा. पैसे बँकेतून किंवा नावाजलेल्या एक्स्चेंजमधून गेले असतील तर पहिल्या काही तासांत गोठवले जाण्याची थोडी आशा असते.

हे व्यवहार गुप्त असतात का?

नाव गुप्त, व्यवहार उघडा. बहुतेक नाण्यांची वही कुणालाही वाचता येते. तुमचा पत्ता एकदा तुमच्या नावाशी जोडला गेला की त्या पत्त्यावर काय आलं, काय गेलं, किती शिल्लक आहे, हे कुणीही बघू शकतो. मित्राला हातउसने परत करताना आपलं पासबुकच त्याच्या हातात दिल्यासारखं हे आहे. ज्यांना वाटतं की क्रिप्टो म्हणजे अंधार, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं.

विजेचं काय?

बिटकॉइनला भरपूर लागते. वर्षाचा वापर एखाद्या मध्यम देशाइतका असतो. सगळ्या क्रिप्टोला मात्र हे लागू नाही. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

ते कायदेशीर आहे का?

देशागणिक वेगळं. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिप्टोचे सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये थेट बिटकॉइन बाळगणाऱ्या फंडांना शेअर बाजारात परवानगी मिळाली. युरोपीय संघाची स्वतंत्र नियमावली डिसेंबर २०२४ अखेर पूर्ण लागू झाली. तुमच्या देशात आज काय नियम आहे आणि कर किती, हे सरकारी स्रोतातूनच पाहा. विकणाऱ्याला विचारू नका.

कुणाला याचा खरा उपयोग होतो का?

होतो, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ज्या देशात पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत घसरते, जिथे सरकार खाती गोठवतं किंवा परकीय चलन मिळूच देत नाही, तिथल्या माणसाला डॉलरशी जोडलेलं स्टेबलकॉइन हा आधार वाटतो. परदेशात राबणाऱ्यांना घरी पैसे पाठवताना कधी ते स्वस्त पडतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा युक्रेनच्या सरकारने जाहीरपणे क्रिप्टोमध्ये देणग्या मागितल्या आणि त्या काही दिवसांत पोहोचल्या.

ही माणसं धोका पत्करतात, कारण त्यांच्यापुढचा दुसरा पर्याय त्याहून वाईट असतो. ज्याची बँक चालते, ज्याचं चलन बऱ्यापैकी टिकून आहे, त्याला तोच धोका पत्करायला सांगताना कारण द्यावं लागेल. ‘हेच भविष्य आहे’ हे कारण नव्हे.

सगळे कमावताहेत, मीच मागे राहिलो असं वाटतं.

कमावलेला माणूस चारचौघांत सांगतो. बुडालेला घरीसुद्धा सांगत नाही. त्यामुळे कानावर एकाच बाजूचं येतं. ज्याने कमावल्याचं सांगितलं त्याला एवढंच विचारा, विकून पैसे बँकेत आणलेस का? बऱ्याचदा ती कमाई अजून ॲपमध्येच असते.

तरीही थोडं करून पाहायचं असेल तर?

पाहा की. आधी अगदी नगण्य रक्कम घ्या, ती दुसऱ्या वॉलेटवर पाठवा आणि मग पुन्हा विकून बँक खात्यात आणा. हा पूर्ण फेरा एकदा स्वतःच्या हाताने झाल्याशिवाय दुसरा पैसा घालू नका. घेणं सगळीकडेच सोपं केलेलं असतं, खरी परीक्षा बाहेर पडताना होते. उसनवारीचा, मुलांच्या फीचा, आजारपणासाठी ठेवलेला पैसा यात आणू नका. कोणत्याही नव्या पत्त्यावर मोठी रक्कम पाठवण्याआधी किरकोळ रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करा. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

‘सपोर्ट’मधून फोन आला आणि सीड फ्रेज मागितली तर?

देऊ नका. कोणत्याही खऱ्या वॉलेटला किंवा एक्स्चेंजला ती विचारण्याचं कारण नसतं, मग फोन करणाऱ्याला तुमचं नाव, शिल्लक, मागचा व्यवहार सगळं ठाऊक असलं तरीही. अनवधानाने दिली गेली असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर नवं वॉलेट उघडा, नवे शब्द कागदावर घ्या आणि शिल्लक तिकडे हलवा. आधी मोठ्या रकमेचं नाणं, मग बाकीची. जुनं वॉलेट पुन्हा वापरू नका, त्यात काही उरलेलं दिसलं तरी.